विमान पळवून आसरा मागणाऱ्याचे पुढे काय होते?

विमान पळवून परदेशात उतरलेल्या माणसाला तिथल्या सरकारने परत धाडले नाही, उलट राहण्याची मुभा दिली, अशी बातमी वर्तमानपत्रात आली की वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. शेकडो निरपराध माणसांचा जीव टांगणीला लावणाऱ्याला शिक्षेऐवजी बक्षीस मिळाले, असेच पहिल्या वाचनात वाटते. २००६ साली ब्रिटनमधील न्यायालयाने अफगाणिस्तानचे विमान पळवून आणलेल्या नऊ जणांना देशात राहू देण्याचा निकाल दिला, तेव्हा खुद्द पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तो व्यवहारबुद्धीला सोडून असल्याची टीका केली होती. तिथे सामान्य वाचक गोंधळला तर नवल नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे, आणि थंडी सुरू झाली की स्वेटर, शाली विकायला बसणारे तिबेटी विक्रेते इथल्या अनेकांच्या ओळखीचे आहेत. दुसऱ्या बाजूला, आपल्या घरांतली मुले नोकरीसाठी गोवा, मुंबई किंवा बेंगळुरूहून विमानाने आखातात आणि त्याही पलीकडे जातात. म्हणजे परक्या देशात आसरा शोधणारा माणूस आणि विमानात बसलेला साधा प्रवासी हे दोघेही आपल्या नजरेसमोरचे आहेत, आणि हा विषय समजून घ्यायचा तर दोघांचाही विचार एकाच वेळी करावा लागतो.

आधी मुळाशी

आपल्या देशात छळ होईल या भीतीने दुसऱ्या देशात संरक्षण मागणारा माणूस तो आश्रयार्थी, आणि त्याची भीती खरी असल्याचे त्या देशाने मान्य केले की तो निर्वासित. यासंबंधीचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा असून १९६७ च्या पुरवणी कराराने त्याची व्याप्ती जगभर वाढवण्यात आली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळाची साधार भीती असली पाहिजे, अशी त्याची अट आहे. नुसती गरिबी किंवा चांगल्या नोकरीची ओढ त्यात बसत नाही.

अशा माणसाने तिकीट काढून सरळ विमानात का बसू नये, हा प्रश्न कोणालाही पडेल. अडचण अशी की आश्रयाचा अर्ज बहुतेक देशांत त्या देशाच्या भूमीवर पोहोचल्यानंतरच करता येतो, तिथे पोहोचायला व्हिसा लागतो, आणि आश्रय मागण्यासाठी म्हणून व्हिसा सहसा दिलाच जात नाही. ब्रिटनने १९८७ साली कायदा करून, कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी आणल्यास विमान कंपनीला दंड ठोठावण्याची तरतूद केली, आणि इतर अनेक देशांनीही असेच नियम केले. त्यामुळे छळातून पळणाऱ्या माणसाची पहिली अडवणूक परक्या देशाच्या सीमेवर होत नाही, तर स्वतःच्याच देशातल्या विमानतळावर, तिकिटे तपासणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खिडकीपाशी होते. ज्या राजवटीपासून पळायचे, पासपोर्ट मागायचा तोही तिच्याकडेच. या कोंडीत सापडलेले बहुतेक लोक डोंगर चढून, समुद्रात होड्या घालून किंवा दलालांना पैसे देऊन निसटतात, आणि अगदी मोजके लोक विमानाकडे वळतात. ही कोंडी समजून घेणे म्हणजे अपहरणाचे समर्थन करणे नव्हे, पण ती समजल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही.

निपाणीच्या पुढे पळवलेली बस

बेळगावहून कोल्हापूरला निघालेली कर्नाटक परिवहनची बस डोळ्यांसमोर आणा. गावातले लोक जिवावर उठल्यामुळे पळालेला एक माणूस तिच्यात चढतो, आणि निपाणी मागे पडताच चालकाच्या मानेला कोयता लावून सांगतो की आता कोल्हापूरपर्यंत कुठेही थांबायचे नाही. गाडीत परीक्षेला निघालेला मुलगा आहे, दवाखान्याला निघालेली म्हातारी आहे. सीमेवरचे कोगनोळी ओलांडून बस कोल्हापुरात शिरते आणि तिथले पोलीस त्या माणसाला पकडतात. आता त्यांच्यापुढे दोन प्रश्न आहेत. गाडीतल्या माणसांशी तू काय केलेस, हा एक. आणि तुला गावी परत सोडले तर तुझा जीव जाईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कितीही वाईट असले तरी त्यावरून दुसऱ्याचे उत्तर ठरत नाही. कोयता लावल्याबद्दल तो तुरुंगात जावा हे रास्तच आहे, पण त्याला बेड्या घालून मारेकऱ्यांच्या दारात नेऊन सोडणे ही कोणत्याही कायद्यातली शिक्षा नाही.

विमानांच्या बाबतीतला सगळा गोंधळ हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. शिक्षा हा फौजदारी न्यायालयाचा विषय आहे, तर परत पाठवणे हा वेगळ्या कायद्याचा, वेगळ्या पुराव्यांचा आणि बहुधा वेगळ्या न्यायालयाचा विषय आहे.

विमान एका देशाचे, गुन्हा दुसऱ्याच्या आकाशात, खटला कोणी चालवायचा?

आपली बस सीमा ओलांडते तेव्हा निदान दोन्ही बाजूंना एकच देश असतो. विमानाच्या बाबतीत नोंदणी एका देशातली, गुन्हा दुसऱ्याच्या हद्दीत किंवा भर समुद्रावर, प्रवासी वीस देशांचे आणि उतरणे भलत्याच ठिकाणी, असा प्रकार होतो. यावर तोडगा म्हणून १६ डिसेंबर १९७० रोजी हेग येथे एक करार झाला. बळाने, धाकाने किंवा अन्य प्रकारे दहशत दाखवून उड्डाणातील विमानाचा ताबा घेणे हा तर त्यात गुन्हा आहेच, पण तसा प्रयत्न करणेही गुन्हा आहे. त्यामुळे बेत फसला म्हणून सुटका होत नाही. विमानाची नोंदणी ज्या देशातली आहे आणि आरोपीसह ते जिथे उतरले, अशा दोन्ही देशांना खटला चालवण्याचा अधिकार मिळतो.

या कराराचा गाभा सातव्या कलमात आहे. आरोपी ज्या देशात सापडेल त्या देशाने एकतर त्याला मागणाऱ्या देशाच्या हवाली करावे, नाहीतर कोणताही अपवाद न करता प्रकरण आपल्याच अभियोग यंत्रणेकडे सोपवावे. तिसरी वाट नाही. म्हणूनच, परत पाठवले नाही याचा अर्थ सोडून दिले असा होत नाही, कारण परत पाठवणे अशक्य असते तेव्हा खटला तिथेच उभा करण्याची जबाबदारी आणखी पक्की होते. नवव्या कलमाचा उल्लेख बातम्यांत क्वचितच येतो, पण मला ते तितकेच मोलाचे वाटते. ताबा पुन्हा वैमानिकाकडे देणे, प्रवासी आणि कर्मचारी यांचा पुढचा प्रवास लवकरात लवकर सुरू करून देणे आणि विमान मूळ मालकाला परत करणे, हे ते उतरले त्या देशाचे कर्तव्य आहे.

पण जिवाच्या भीतीने केले असेल तर?

जवळपास प्रत्येक देशाच्या फौजदारी कायद्यात धाकाखाली घडलेल्या कृत्यासाठी काही ना काही बचाव आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२ मध्येही तो आहे, मात्र तो फार अरुंद आहे. तत्काळ मृत्यूची रास्त भीती वाटावी असा धाक हवा, आणि खून किंवा देहान्ताची शिक्षा असलेला राज्याविरुद्धचा गुन्हा यांना तो लागू होत नाही.

इंग्लंडच्या न्यायालयांनी हा बचाव थोडा रुंद केला. १९९६ च्या ऑगस्टमध्ये काही इराकी माणसांनी खार्टूमहून अम्मानला निघालेले सुदान एअरवेजचे विमान लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर आणले. आपल्याला इराकला परत धाडले जाईल आणि तिथे मारले जाईल, अशी भीती असल्याचे त्यांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने हा बचाव ज्यूरीपुढे येऊच दिला नाही, आणि १९९८ साली अपील न्यायालयाने ते चूक ठरवून त्यांची दोषसिद्धी रद्द केली. तेव्हा न्यायमूर्तींनी दिलेले उदाहरण बोलके आहे. नाझींच्या भीतीने लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीने ॲमस्टरडॅममधून निसटण्यासाठी मोटार चोरली असती, तर नाझी पोलिसांची थाप दारावर पडेपर्यंत ती का थांबली नाही, असे कायद्याने तिला विचारले नसते. धोका डोक्यावर घोंगावत असला म्हणजे पुरे, पुढच्याच क्षणी घाव पडणार असायला हवा असे नाही, हा त्याचा अर्थ.

हे तत्त्व मला मान्य आहे, परंतु ते विमानाला लावताना हात आखडता घ्यावा असेही वाटते, कारण चोरलेल्या मोटारीत दुसरे कोणी बसलेले नसते. न्यायालयांनाही याची जाण आहे. भीती संपताच कृत्य थांबले पाहिजे, दुसरा रास्त मार्ग शिल्लक नसला पाहिजे आणि केलेले कृत्य धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजे, या कसोट्या कायम आहेत. अफगाण विमानाचे प्रकरण नेमके याच मुद्द्यांवर अनेक वर्षे लढले गेले.

मग परत का पाठवत नाहीत?

६ फेब्रुवारी २००० रोजी काबूलहून मझार-ए-शरीफला निघालेले एरियाना कंपनीचे बोइंग ७२७ पळवण्यात आले, आणि ताश्कंद, कझाकस्तान, मॉस्को करत तेही स्टॅनस्टेडलाच पोहोचले. चार दिवसांनी शरणागती झाली. अपहरणकर्ते तालिबानविरोधी गटातले होते. प्रवाशांपैकीही अनेकांनी तिथेच आश्रयासाठी अर्ज केले. २००१ च्या अखेरीस नऊ जण दोषी ठरले, पण ज्यूरीला धाकाच्या बचावाचा कायदा चुकीचा समजावला गेला या कारणाने २००३ मध्ये अपील न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली.

आता दुसरा प्रश्न उभा राहिला. १९५१ च्या करारातच अशी तरतूद आहे की आसरा देणाऱ्या देशात प्रवेश मिळण्यापूर्वी, त्या देशाबाहेर, गंभीर आणि राजकीय नसलेला गुन्हा केल्याचे मानण्यास सबळ कारण असलेल्या माणसाला निर्वासिताचा दर्जा मिळत नाही. एखादा म्हणेल की अपहरण हे राजकीयच आहे. पण अनोळखी प्रवाशांचा जीव वेठीस धरण्याचे कृत्य कोणत्याही राजकीय हेतूच्या मानाने इतके बेसुमार ठरते की ते सहसा त्या सवलतीत धरले जात नाही. २००४ साली या नऊ जणांनाही निर्वासिताचा दर्जा नाकारण्यात आला. याचा अर्थ ज्याला लोक बक्षीस समजले, ते त्यांना मिळालेच नव्हते.

मिळाले ते याहून बरेच कमी. छळ होईल अशा ठिकाणी कोणालाही पाठवू नये, हे युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या कलमातून निघते, आणि त्याला अपवाद नाही. माणूस गुन्हेगार असो वा राष्ट्रीय सुरक्षेला धोका असो, हा नियम बदलत नाही, असे युरोपीय न्यायालयाने १९९६ साली एका भारतीय शीख कार्यकर्त्याच्याच प्रकरणात सांगितले होते. काबूलमध्ये तालिबानची राजवट तोवर गेली होती, तरी या नऊ जणांचे नाव जाहीर झालेले असल्याने त्यांना धोका उरतो, असे मानले गेले. त्यानंतरही सरकारने राहण्याचा तात्पुरता परवाना देण्यात टाळाटाळ केली, आणि २००६ चा निकाल त्या टाळाटाळीवर होता.

‘बॉम्ब खोटाच होता, कोणाला खरचटलेही नाही’

हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो आणि त्यात वरवर तथ्यही दिसते. १९७८ साली पूर्व जर्मनीच्या एका नागरिकाने साधे खेळण्यातले पिस्तूल दाखवून पोलंडचे विमान पश्चिम बर्लिनला नेले, आणि तिथल्या ज्यूरीने त्याला अपहरणातून मुक्त करून फक्त ओलीस धरल्याबद्दल दोषी ठरवले. भोगलेला तुरुंगवास हीच त्याची शिक्षा झाली. शीतयुद्धाच्या काळात बर्लिनच्या भिंतीपलीकडून आलेल्याबद्दल जी सहानुभूती होती, ती त्या निकालात उतरलेली दिसते.

पण खोट्या बॉम्बनेही खरी माणसे मरतात, हे २३ नोव्हेंबर १९९६ या दिवसाने दाखवले. मुंबईहून निघून अदिस अबाबामार्गे नैरोबीकडे चाललेले इथिओपियन एअरलाइन्सचे बोइंग ७६७ तीन तरुणांनी ताब्यात घेतले. विमानातलीच कुऱ्हाड आणि आग विझवण्याचे नळकांडे त्यांच्या हाती होते, आणि जो बॉम्ब म्हणून दाखवला ती नंतर दारूची बाटली निघाली. त्यांना आश्रयासाठी ऑस्ट्रेलिया गाठायची होती. कॅप्टन लेउल अबाते यांनी इंधन पुरणार नाही म्हणून पुन्हा पुन्हा सांगितले. पण हे विमान अकरा तास उडू शकते असे विमानातल्याच मासिकात अपहरणकर्त्यांनी वाचले होते, आणि कॅप्टन थाप मारत आहे अशी त्यांची खात्री झाली.

त्या मासिकात लिहिले होते ते खोटे नव्हते, फक्त ते टाक्या पूर्ण भरल्या असतानाचे होते. कोणतेही प्रवासी विमान रोज काठोकाठ भरून निघत नाही, कारण इंधनाचे वजन वाहायलाच आणखी इंधन जळते. ठरलेल्या प्रवासापुरते, वाटेतल्या अडचणींसाठी थोडे, मुक्कामाचा विमानतळ बंद असला तर पर्यायी विमानतळ गाठण्याइतके, आणि त्यावर थोडा राखीव साठा, असा हिशेब करून ते भरले जाते. अदिस अबाबा ते नैरोबी हा जेमतेम दोन तासांचा प्रवास होता.

कॅप्टनने आधी आफ्रिकेचा किनारा धरून दक्षिणेकडे विमान नेले, आणि जमीन दिसते म्हणून अपहरणकर्ते भडकल्यावर समुद्राकडे वळून गुपचूप कोमोरो बेटांचा रोख धरला. तिथे एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली. शेवटच्या क्षणी झटापट चालू असतानाच विमान ग्रँड कोमोर बेटाच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर आदळले आणि मोडले. १७५ पैकी १२५ जण गेले. धडकेतून वाचलेले कित्येकजण नंतर बुडाले, कारण त्यांनी जीवरक्षक जॅकेट विमानाच्या आतच फुगवले होते, आणि पाणी भरू लागताच ते छताला टेकून अडकले. उड्डाणापूर्वी ‘जॅकेट बाहेर पडतानाच फुगवा’ असे सांगितले जाते, तेव्हा आपण मोबाइलमध्ये डोके घालून बसलेलो असतो. निदान एवढे एक वाक्य तरी प्रत्येक प्रवाशाने कान देऊन ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या तीन तरुणांवर मायदेशी अन्याय झाला होता की नाही, हा प्रश्न त्यांच्याखेरीज गेलेल्या १२२ जणांच्या घरच्यांपुढे कोणत्या तोंडाने मांडणार?

भारतात असे घडले तर?

घडलेले आहे. १० नोव्हेंबर १९९० रोजी ब्रह्मदेशातील दोन विद्यार्थ्यांनी बँकॉकहून रंगूनला निघालेले थाई एअरवेजचे विमान कोलकात्यात आणले. त्यांच्याकडचा ‘बॉम्ब’ साबणाचा होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या पक्षाने निवडणूक जिंकूनही लष्कराने सत्ता सोडली नव्हती, आणि त्यांची सुटका व्हावी, जगाने आपल्या देशाकडे पाहावे, ही त्या विद्यार्थ्यांची मागणी होती. आपल्याकडे त्यांना मोठी सहानुभूती मिळाली, काही महिन्यांत जामीनही झाला. त्यांच्यातला सो म्यिंट पुढे भारतात राहून पत्रकार झाला आणि ‘मिझ्झिमा’ ही वृत्तसंस्था त्याने उभी केली. खटला मात्र टळला नाही, आणि २००३ साली पश्चिम बंगालमधील न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

आज तसे झाले तर चित्र बरेच वेगळे असेल. २०१६ चा अपहरणविरोधी कायदा ५ जुलै २०१७ पासून लागू आहे. अपहरणात कोणाचा मृत्यू झाला तर फाशी किंवा मरेपर्यंत तुरुंगवास, आणि मृत्यू झाला नाही तरी मरेपर्यंत तुरुंगवास, शिवाय मालमत्तेची जप्ती. उड्डाणपूर्व तयारी सुरू झाल्यापासून विमान उतरल्यानंतर २४ तासांपर्यंतचा काळ या कायद्याखाली येतो, म्हणजे बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर उभे असलेले, अजून हललेही नसलेले विमान त्यातून सुटत नाही. विश्वास बसावा अशी नुसती धमकीही गुन्हा आहे. या कायद्याखालची पहिली शिक्षा, मुंबई–दिल्ली विमानाच्या स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी ठेवल्याच्या आरोपावरून, २०१९ मध्ये झाली. २०२३ साली गुजरात उच्च न्यायालयाने त्या आरोपीला पुराव्याअभावी मुक्त केले. शिक्षा जितकी कठोर, तितका पुरावा काटेकोर लागतो, हे त्यातून दिसते.

आश्रयाच्या प्रश्नात मात्र आपल्याकडे पोकळी आहे. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. मुंडगोडचे तिबेटी बांधव इथे आहेत ते सरकारी धोरणामुळे, नोंदणी प्रमाणपत्राच्या आधारावर. त्याचबरोबर, जीविताचा हक्क देणारे संविधानाचे २१ वे कलम नागरिक नसलेल्या माणसालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे असे विमान उद्या इथे उतरले तर शिक्षेचा प्रश्न एका स्पष्ट कायद्याने सुटेल, आणि परत पाठवायचे की नाही हा प्रश्न सरकारच्या धोरणावर आणि न्यायालयाच्या विवेकावर सोडला जाईल. माझ्या मते यासाठी कायदाच हवा.

‘असे वागवले तर उद्या सगळेच विमाने पळवतील’

ही भीती तपासून पाहता येते. अमेरिका आणि क्यूबा यांच्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस अपहरणांचे सत्र सुरू होते. १९७३ च्या सुरुवातीला अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली, आणि फेब्रुवारीत या दोन हाडवैरी देशांनी अपहरणकर्त्यांना परत देण्याचा किंवा त्यांच्यावर खटला चालवण्याचा समझोता केला. ते सत्र तिथेच ओसरले. १९९३ साली चीनमधून तैवानकडे विमाने पळवण्याची लाट आली, तेव्हा तैवानने आलेल्यांना सरळ तुरुंगात टाकले आणि ती लाटही विरली. या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडली ती शिक्षेची खात्री आणि विमानतळावरची तपासणी. छळाच्या तोंडी कोणाला ढकलावे लागले तरच अपहरणे थांबतात, असे यातून दिसत नाही.

२००१ नंतर वैमानिकांच्या कक्षाचे दार भक्कम झाले आणि आतून बंद होऊ लागले, तेव्हापासून प्रवाशाच्या वेषातील अपहरणकर्त्याचे काम फारच अवघड झाले. याच दाराने एक नवा धोकाही आणला. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या रोमला निघालेल्या विमानात मुख्य वैमानिक स्वच्छतागृहात गेला असता सहवैमानिकाने दार आतून लावून घेतले, विमान जिनिव्हाला उतरवले आणि दोरीने खिडकीतून खाली उतरून आश्रय मागितला. प्रवासी सुखरूप राहिले. स्वित्झर्लंडने त्याला इथिओपियाच्या हवाली करण्यास नकार दिला, आणि इथिओपियाच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत १९ वर्षे ६ महिन्यांची शिक्षा सुनावली. स्विस यंत्रणेने मात्र आपल्या देशात त्याच्यावर कारवाई केली, आणि मानसिक आजारामुळे त्याला फौजदारीदृष्ट्या जबाबदार न धरता उपचाराखाली ठेवले.